पंधरा विहिरींचा नकाशा

आमच्या घरात कुणी ‘सहल’ हा शब्द काढला की आई आधी हवा भरायचा पंप शोधायची, मग पंक्चरचं सोल्यूशन, आणि मग देवापुढं हात जोडायची. हा क्रम अनुभवातून ठरलेला होता. शेजारपाजारच्या लोकांच्या सहली एस.टी.नं माहूरला जायच्या आणि प्रसादाच्या पुड्या घेऊन परत यायच्या. आमच्या सहली अप्पांच्या डोक्यातून निघायच्या आणि बहुतेक वेळा बाभळीच्या काट्यावर संपायच्या. मग उरलेला रस्ता सायकली हातात धरून पायी. सायकलनं गेलो असं अप्पा सांगायचे, पण निम्मा जिल्हा आम्ही चालत पाहिलेला आहे.

अप्पा म्हणजे माझे वडील. लातूरच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांचं घराणं उदगीरचं, अडत दुकानवाल्यांचं. तिन्ही भाऊ गादीवर बसले, अप्पांना मात्र गिऱ्हाइकाला ‘हा माल आतल्या पोत्यातलाच आहे’ एवढंसुद्धा धड सांगता येईना. तेव्हा आजोबांनीच हात टेकले आणि म्हणाले, हा मास्तर होऊ दे, तिथं खरं बोललेलं चालतं. आई नांदेडची. भावांच्या सायकलवर ती गोदावरीच्या काठानं सायकल शिकली होती. लातूरला आल्यावर तिनं नऊवारी नेसणाऱ्या सासूबाईंच्या देखत सहावारीचा पदर खोचून पेडल मारलं, त्याची चर्चा उदगीरपर्यंत गेली. लातूरला नदी नाही हे तिनं अप्पांना लग्नापासून माफ केलेलं नव्हतं. “आमच्या नांदेडला निदान पाण्यात बुडून मरायची तरी सोय आहे,” असं ती म्हणायची, आणि अप्पा त्यावर मांजरा नदीचा उगम सांगायला लागायचे.

त्या सुमारास लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. इतके दिवस आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात होतो, आणि आता झोपेतून उठावं तसे आम्ही जिल्ह्याच्या गावचे झालो. सगळ्यांनाच थोडी नशा चढली होती. आमच्या कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं पाटीवर ‘जिल्हा पान सेंटर’ असं रंगवून घेतलं. कटिंगचे भाव वाढवताना न्हावी म्हणाला, आता जिल्हा हाय मालक. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा मात्र जुनाच होता. अप्पांनी त्यावर तांबड्या शाईनं नवी हद्द आखून पाहिली, पण तो कापडी नकाशा इतका जुना होता की शाई पसरली आणि आमच्या नव्या जिल्ह्यानं शेजारच्या कर्नाटकातली दोन गावं गिळली.

“नवा नकाशा छापून येईपर्यंत पोरांनी काय करायचं?” अप्पा जेवताना म्हणाले. “आपणच करू या. रविवारी रविवारी. मुलांनी आपला जिल्हा पायाखालून घातला पाहिजे.”

“सगळा?” आई म्हणाली.

“निदान जवळची गावं तरी.”

त्या वर्षी पाऊस पडला नव्हता. आदल्या वर्षीही जेमतेमच. ज्वारी गुडघ्याच्या वर गेली नव्हती आणि हिवाळ्यातच दिवस तापायला लागले होते. असल्या सालात बायकामुलांना घेऊन रानावनात फिरायला निघणारा माणूस भूगोलाचाच मास्तर असणार. आईनं हे बोलून दाखवलं तेव्हा अप्पांचं उत्तर तयार होतं. “उलट सोयीचं आहे. ओढे कोरडे आहेत, सायकली घालून सरळ पलीकडं जाता येईल.”

कामं वाटली गेली. आई धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची छागल सांभाळणार. छागल म्हणजे कॅनव्हासची पिशवी, तिच्यातलं पाणी वाऱ्यानं गार राहतं; ती आईच्या हँडलला लटकायची. मी आईच्या कॅरियरवर, आणि रंगांचं खातं माझ्याकडं. माझा भाऊ पाच वर्षांचा. तो अप्पांच्या पुढच्या दांडीवर बसून घंटी वाजवणार, कारण त्याला दुसरं कुठलंही काम दिलं तरी तो घंटीच वाजवायचा. अप्पा गावाचा आराखडा काढायचे: रस्ता, ओढा, देऊळ, शाळा, विहीर. शिक्षकांकडं असते तशी एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी पेन्सिल मला मिळाली होती. विहिरीला पाणी असेल तर निळा ठिपका, कोरडी असेल तर लाल. दहा वर्षांच्या मुलीला यापेक्षा मोठा हुद्दा मी तरी कुठं पाहिला नव्हता.

पहिल्याच गावात घोटाळा झाला. पारावर दहा-बारा माणसं बसली होती. डोक्याला टोपी, डोळ्यांवर चष्मा, हातात वही असा माणूस सायकलवरून उतरला आणि त्यानं विचारलं, “गावात विहिरी किती? पाणी कुठवर आहे?” तोपर्यंत बिड्या ओढणारी माणसं ताडकन उभी राहिली. दुष्काळाची पाहणी करायला सरकारी माणूस येणार, ही वदंता गावोगाव होतीच. तो बायको, दोन पोरं आणि धपाट्यांचा डबा घेऊन येईल असं कुणाला वाटलं नव्हतं, पण नव्या जिल्ह्याचा कारभार कसा चालतो हे तरी कुणाला माहीत होतं?

“मी सरकारी माणूस नाही,” अप्पा घाईनं म्हणाले. “मी शाळेत मास्तर आहे.”

झालं. तेवढ्यानं राहिलासाहिला संशयही फिटला. शिरगणतीला मास्तर, मतदानाला मास्तर, गुरं मोजायला मास्तर. मोजणीचा माणूस म्हणजे मास्तरच, हे सगळ्या मराठवाड्याला पाठ होतं. पाटील पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, “ल्हिवा मास्तर. चार हिरी हायत, चारी कोरड्या. थेंब न्हाई. जनावरं लई हाल काढून राहिलीत.”

अप्पांनी लिहून घेतलं. मी चौघींच्या वतीनं एक लाल ठिपका काढला. आम्हाला चहा मिळाला, भावाला चिक्की मिळाली, आणि निघताना पाटलांनी सायकलची हवा स्वतः दाबून पाहिली. एवढा मान अप्पांना नांदेडला सासुरवाडीच्या पंगतीतही कधी मिळाला नव्हता. वेशीबाहेर आल्यावर ते म्हणाले, “लोक किती भले असतात बघ.”

“विहिरी कोरड्या,” आई म्हणाली, “आणि पाटलाच्या परसात तीन दोऱ्या भरून धुणं वाळत होतं. पांढरंशुभ्र.”

“तुझा स्वभावच संशयी.”

पुढच्या गावांतही तेच झालं. एका गावात तर भाऊ लघवीला म्हणून निवडुंगाच्या कुंपणामागं गेला आणि ओरडतच परत आला. “अप्पा, तिकडं ऊस आहे! माझ्यापेक्षा उंच! आणि इंजिन भक् भक् करतंय!” सरपंच हसले आणि म्हणाले, लेकरू हाय, जोंधळ्यालाच ऊस म्हनतंय. अप्पाही हसले. पाच वर्षांचं पोर आणि गावचा सरपंच, यांत भूगोलाच्या मास्तरानं कुणावर विश्वास ठेवायचा? मी लाल ठिपका काढला. भाऊ घरी येईपर्यंत रडत होता आणि घंटी वाजवत नव्हता. मला ते खटकलं होतं, खोटं कशाला सांगू, पण लाल पेन्सिल माझ्या हातात होती आणि मला ती परत द्यायची नव्हती.

असे चौदा रविवार झाले आणि चौदा लाल ठिपके. पेन्सिलीचं लाल टोक झिजून बोटभर उरलं, निळ्याला टोकसुद्धा काढावं लागलं नाही.

पंधरावं गाव नांदेड रस्त्याच्या आत होतं, आणि तिथं आम्ही पोचलो ते फजितीनं. मधल्या ओढ्यात, अप्पांच्या त्याच सोयीच्या कोरड्या ओढ्यात, आईची सायकल दगडावरून घसरली आणि छागल बाभळीत अडकून फाटली. सगळं पाणी वाळूत गेलं. त्यातच अप्पांच्या मागच्या चाकात काटा. पाण्याशिवाय पंक्चर कुठं आहे तेही शोधता येत नव्हतं. आम्ही चालायला लागलो. ऊन डोक्यावर आलं होतं. तासाभरानं भाऊ बोलेनासा झाला. आधी तो पाणी पाणी करत होता, मग ते थांबलं, आणि थांबलं तेव्हा आईचा चेहरा बदलला. तिनं सायकल तिथंच बांधावर टाकली, त्याला कडेवर घेतलं आणि चालत सुटली. अप्पांकडं तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

समोर हिरवं काहीतरी दिसलं. लिंबाची बाग होती, साठेक झाडं, पुरुषभर उंचीची, काळीभोर पानं. बागेच्या कडेला पत्र्याचं घर, आणि दारात पन्नाशीची एक बाई ज्वारी पाखडत बसलेली. कपाळाला विभूती होती, गळ्यात दोऱ्यानं बांधलेलं लिंग. तिनं आम्हाला पाहिलं, अप्पांच्या काखेतली वही पाहिली, आणि तिचे हात सुपावर थबकले. ते थबकणं मला आज इतक्या वर्षांनीही दिसतं. मग तिनं भावाचं तोंड पाहिलं आणि सूप खाली टाकलं.

“आगं बाय, लेकरू वाळून गेलं की,” ती म्हणाली. तिनं त्याला आईच्या कडेवरून घेतलं आणि सरळ विहिरीवर नेलं. बादली सोडली, भरून वर काढली, आधी त्याच्या डोक्यावर ओंजळभर पाणी घातलं, मग गुळाचा खडा त्याच्या तोंडात कोंबला आणि मग थोडं थोडं पाणी पाजलं. आम्हालाही पाजलं. थोड्या वेळानं भाऊ उठून बसला आणि म्हणाला, “अजून गूळ.” आई तिथंच विहिरीच्या काठावर बसून रडायला लागली. ती बाई, आम्ही पोरं तिला पुढं मावशीच म्हणायला लागलो, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पोरं हायत, सुकत्यात आन टवटवत्यात, असं काहीतरी ती बोलत होती.

तिचा नवरा वारला होता, मुलगी लग्न होऊन निलंग्याकडं गेलेली. सहा वर्षं लहान लेकरासारखी वाढवलेली झाडं, यंदा पहिल्यांदा बहर धरणार होती. ते सांगताना तिचा आवाज हलका झाला. “ह्यो उन्हाळा तेवढा निभला की झालं,” ती म्हणाली. “पानी हाय तवर भ्या न्हाई.”

अप्पांनी दोरीला दगड बांधून विहिरीचं पाणी मोजलं. दोन परस भरलं, म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं. त्यांनी खूश होऊन वहीत लिहिलं. मी आयुष्यात पहिल्यांदा पेन्सिल उलटी धरली आणि निळा ठिपका काढला, इतरांपेक्षा जरा मोठाच. मला वाटलं, मी तिचे आभार मानते आहे.

नकाशा शाळेच्या प्रदर्शनात लागला. चार कागद चिकटवून केलेला, अप्पांच्या सुबक अक्षरातला, कोपऱ्यात त्यांची सही. पाहुणे म्हणून आलेले जिल्हा कचेरीतले एक साहेब इतर सगळ्या वस्तूंवरून झरझर पुढं गेले आणि नकाशापाशी थांबले. नव्या जिल्ह्यात कुणालाच कशाचा पत्ता नव्हता, आणि इथं एका मास्तरानं विहिरींसकट गावं मांडली होती. साहेबांनी निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “हे काय?”

अप्पांनी सगळं सांगितलं. दोन परस पाणी, लिंबाची बाग, नांदेड रस्त्यापासून आत किती अंतर. टँकरसारखं मोठं वाहन जाईल का, हेही साहेबांनी विचारलं आणि अप्पांनी सांगितलं, जाईल, रस्ता पक्का आहे. मी शेजारी नवा फ्रॉक घालून उभी होते. ठिपका कुणी काढला असंही साहेबांनी विचारलं, आणि माझ्या गालाला हात लावला. मला इतका अभिमान पुढं बी.ए. झाल्यावरही वाटला नाही.

महिन्याभरानं अप्पांच्या नावे एक पत्र आलं. आपल्या नकाशाचा टंचाई निवारणाच्या कामी उपयोग झाला, आभारी आहोत. अप्पांनी ते तीनदा वाचलं आणि चौकट करायला टाकलं. आई एरवी नक्की काहीतरी बोलली असती, पण त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत टँकर सुरू झाला होता. नळाला चार-चार दिवस पाणी नसायचं, आता एक दिवसाआड सकाळी पिवळा टँकर कोपऱ्यावर उभा राहायचा. त्याच्या पाठीवर मोर काढलेला होता, त्या मोराला चित्रकारानं चुकून कोंबड्याचा तुरा दिला होता. आई घागरी भरून आणायची आणि म्हणायची, “झालं बाई, जिल्हा झाल्याचा काहीतरी उपयोग झाला.” पाणी गोड होतं. त्याचा चहा चांगला व्हायचा.

महिन्यानं चौकटीतलं पत्र हाती आलं त्या दिवशी आईनं ते भिंतीवर लावता लावता सहज विचारलं, “उपयोग झाला म्हणजे नेमकं काय झालं हो?”

“बघूनच येऊ या,” अप्पा म्हणाले. तेव्हा रविवारी सायकली काढून आम्ही मावशीकडं निघालो. तिला पत्र दाखवायचं, असं अप्पांच्या मनात होतं. त्यांनी ते चौकटीसकट पिशवीत घातलं होतं.

बागेजवळ आलो तर झाडांची पानं खाली वळलेली. टोकाच्या दोन ओळी पार पिवळ्या. विहिरीच्या काठावर मोठं इंजिन धडधडत होतं आणि त्याचा पाइप एका पिवळ्या टँकरमध्ये गेला होता. भावानं दांडीवरूनच आरोळी ठोकली, “अप्पा, आपली गाडी! कोंबड्याचा मोर!”

त्यानं आनंदानं घंटी वाजवली.  आईनं सायकल थांबवली. महिनाभर आम्ही कोणाचं पाणी पीत होतो ते आता समोर दिसत होतं.

मावशी दारात होती. तिनं आम्हाला ओळखलं, आत गेली आणि मागच्यासारखीच पाण्याचा तांब्या आणि गूळ घेऊन आली. विहीर सरकारनं ताब्यात घेतली होती, पिण्याच्या पाण्यासाठी. घराला दोन घागरी शेंदून घ्यायची परवानगी होती, झाडांना पाणी घालायची नव्हती. “मान्सं तहानल्यावर झाडं कसली बघायची,” ती म्हणाली. “ते बी खरंच हाय म्हना.” तिचा आवाज शांत होता, आणि मला तो शांतपणा सहन होत नव्हता. तिनं ओरडायला हवं होतं असं मला वाटलं.

अप्पा तांब्याला हात लावेनात. पत्राची पिशवी त्यांनी पाठीमागं धरली होती. “मावशी, माझ्या नकाशामुळं झालं हे,” ते म्हणाले.

“ठाव हाय मला. साहेबाच्या हातात व्हता कागुद.”

“पण तुम्ही पाणी दाखवलंच का? बाकी सगळ्यांनी तर...” अप्पा तिथं थांबले. चौदा लाल ठिपके तेव्हा त्यांच्या डोक्यात शिरले. धुणं, इंजिन, ऊस, सगळं एकदम.

“आमच्या बी गावात ठरलं व्हतं,” मावशी म्हणाली. “वही घिऊन कुनी आलं की हीर कोरडी म्हनायची. म्या बी तेच सांगनार व्हते. पर तुमच्या पोराच्या व्हटाला पापडी धरली व्हती. त्याला काय कोरड्या हिरीतलं पानी पाजू, मास्तर?”

परत येताना अप्पा भावाला म्हणाले, “तो ऊसच होता ना रे?” भाऊ म्हणाला, “मी सांगितलं होतं.” सोमवारी अप्पा शाळेतून रजा टाकून साहेबांकडं गेले. बाकीच्या गावांत पाणी आहे, त्यांचा भार या एका विहिरीवर का, असं सांगायला. साहेब सज्जन होते. त्यांनी खुर्ची दिली, नकाशा काढला आणि म्हणाले, “गुरुजी, इथं तर सगळं लाल आहे. खाली सही तुमचीच आहे ना?” अप्पा घरी येऊन भिंतीकडं तोंड करून निजले. चौकट त्यांनी पलंगाखाली सरकवली होती.

पुढचा निर्णय आईनं घेतला. शनिवारी टँकर आला तेव्हा तिनं दोन पत्र्याचे डबे जास्तीचे भरले, आणि रविवारी पहाटे ते आपल्या कॅरियरला बांधले. अप्पांच्या सायकलला आणखी दोन. “चला,” ती म्हणाली, “निघायचं ना सहलीला?” तिनं ते चेष्टेनं म्हटलं नव्हतं. मी पायी, भाऊ दांडीवर. सगळा मुलूख खेड्यातून शहरात पाणी आणत होता आणि आम्ही शहरातून खेड्यात नेत होतो, तेही तिथलंच. पानवाला दुकान सोडून बघायला बाहेर यायचा. “मास्तर, उलटं चाललाव!” असं ओरडायचा. डब्यांतलं पाणी खड्ड्यांतून हिंदकळून पाऊण उरायचं, पंक्चर झालं तर निम्मं. मावशीनं पहिल्या दिवशी नको नको म्हटलं. मग अकरा झाडांच्या खोडांना तिनं लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. साठांतली अकरा. बाकीच्यांकडं ती पाहायचं टाळायची. भाऊ मात्र चिंधी नसलेल्या एका झाडाला चोरून तांब्याभर पाणी घालायचा आणि ती ते पाहूनही पाहत नव्हती.

अकरा झाडं जगली. भावाचं गेलं.

पाऊस आला, टँकर गेला, विहीर मावशीला परत मिळाली, आणि त्यानंतरचा पाऊस पुन्हा बेतानंच झाला. शाळेत छापील नकाशा आला होता. अप्पा आता वही बरोबर घेत नसत. सहली चालू होत्या, पण त्यांचं ठिकाण एकच. पुढच्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी आम्ही त्या अकरा झाडांच्या सावलीत धपाटे खात बसलो होतो. पहिली लिंबं धरली होती, सुपारीएवढी. मावशीनं पाण्याची कळशी आणून ठेवली होती आणि आमच्या प्रत्येकाच्या हातात भरलेला पेला होता.

तेवढ्यात मोटारसायकलवरून दोघं आले. एकाच्या हातात रजिस्टर होतं. “बाई, विहिरीला पाणी कुठवर आहे?”

मावशी उठली, पदराला हात पुसले. “कोरडी हाय साहेब,” ती म्हणाली. “थेंब न्हाई.” तिला ते इतकं सहज आलं की मी दचकले.

माणसानं आमच्याकडं पाहिलं. विहीर शेतापलीकडं होती, ऊन तापलेलं होतं, आणि त्याला आणखी बरीच गावं करायची होती. “हे कोण?”

“पाव्हनं. लातूरचं मास्तर हायत.”

त्याचा चेहरा उजळला. “मग बरं झालं. गुरुजी, तुम्हीच सांगा. शिक्षक माणूस काही खोटं बोलायचा नाही.”

आईनं भावाचा पेला खाली दाबून मांडीवर घेतला आणि त्यावर पदर ओढला. मी माझा पाठीमागं नेला. पाणी माझ्या फ्रॉकवर सांडत होतं आणि मला हलता येत नव्हतं. अप्पा बसलेले उठून उभे राहिले. एस.टी.त कंडक्टरला माझं खरं वय सांगून पूर्ण तिकीट काढणारे अप्पा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“कोरडी आहे,” ते म्हणाले. “मी स्वतः उतरून पाहिली आहे.”

माणसानं लिहून घेतलं आणि ते दोघं गेले.  मावशीनं अप्पांकडं पाहिलं नाही, आभार तर नाहीच. तिनं कळशी उचलली, एकदोन झाडांच्या मुळाशी उरलेलं पाणी ओतलं आणि घरात गेली. अप्पांनी डब्यातला उरलेला धपाटा गुंडाळून ठेवला. त्या दिवशी आम्ही लवकर निघालो.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर आला नाही. साहेबांना म्हणे जवळपास पाण्याची विहीर सापडली नाही. नळ आठवड्यातून एकदा करंगळीएवढा यायचा आणि त्यापुढं पहाटेपासून घागरींची रांग लागायची. बाया सरकारला शिव्या घालायच्या, नव्या जिल्ह्याला घालायच्या, पाणी कुणी लपवून ठेवलंय त्याचं वाटोळं होवो म्हणायच्या. आई घागर घेऊन रांगेत उभी असायची आणि गप्प असायची. तिच्यामागं कळशी घेऊन मी उभी असायचे. पाणी कुठं आहे ते त्या रांगेत आम्हा दोघींनाच माहीत होतं.